ड्रायव्हरने किती करावे? लिनक्सच्या झोपेचा इतिहास

लॅपटॉपचे झाकण मिटल्यापासून यंत्र पूर्ण शांत होईपर्यंत जेमतेम एक-दोन सेकंद जातात. तेवढ्या अवधीत ऑपरेटिंग सिस्टिमला यंत्रातले प्रत्येक उपकरण थांबवायचे असते: डिस्क, ध्वनीची चिप, वायफाय, कॅमेरा, टचपॅड, यूएसबीला जोडलेली प्रत्येक वस्तू. यांपैकी प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळा असतो. तो वेगळ्या माणसाने, वेगळ्या वर्षी आणि शेजारच्या ड्रायव्हरचा फारसा विचार न करता लिहिलेला असतो. सगळ्यांनी आपापले काम चोख केले तर वापरणाऱ्याला काही जाणवतही नाही. एकाने जरी घोटाळा केला तर झाकण उघडल्यावर काळा पडदा दिसतो आणि पॉवरचे बटण दाबून धरण्यावाचून गत्यंतर राहत नाही. विशेषतः २००० ते २०१० या दशकात लिनक्स वापरणाऱ्यांना या काळ्या पडद्याची चांगलीच ओळख होती. त्या दशकात नेमके काय बिघडत होते आणि ते कसे सुधारले, याचा माग काढला की माझ्या मते एकच उत्तर हाती येते. झोपेच्या वेळी ड्रायव्हरने आपल्या उपकरणाची पूर्ण जबाबदारी घ्यावी आणि त्यापलीकडे कशातही हात घालू नये. कोणी कोणाच्या आधी झोपायचे, कोणत्या टप्प्यावर काय बंद व्हायचे आणि मुळात झोपायचे की नाही, हे ठरवणे त्याचे काम नाही. आज हे कोणी सहज मान्य करील. पण लिनक्सला या जागी पोहोचायला दहा-पंधरा वर्षे लागली, आणि वाट सरळ नव्हती.

सुरुवातीला हा प्रश्न ड्रायव्हरपर्यंत येतच नव्हता. इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये एपीएम नावाची पद्धत ठरवली. तिच्यात झोपेचा कारभार बायॉसकडे होता. ऑपरेटिंग सिस्टिमने विनंती करायची, बाकीचे बायॉस पाहून घेणार. लॅपटॉपमध्ये मोजकीच उपकरणे होती आणि ती सगळी त्याच कंपनीने बसवलेली होती, तोवर हे चालून गेले. पण बायॉसला वापरणारा काय करतो आहे हे कळत नसे. फाइल लिहिणे अर्ध्यावर आहे की नाही, नेटवर्कवर काही चालू आहे की नाही, याची त्याला खबर नसे. मागाहून घातलेल्या कार्डांची तर त्याला ओळखही नसे. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय जाहीर केले आणि सूत्रे बायॉसकडून काढून ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती दिली. संपूर्ण यंत्राच्या झोपेला एस-१ ते एस-४ अशा पायऱ्या ठरल्या. एस-३ म्हणजे मेमरी तेवढी जिवंत ठेवून बाकी सगळे बंद करणे, आणि एस-४ म्हणजे मेमरीतले सगळे डिस्कवर उतरवून वीजच तोडणे. प्रत्येक उपकरणालाही डी-० ते डी-३ अशा अवस्था मिळाल्या. दिशा बरोबर होती, पण तिच्यामुळे एक मोठी जबाबदारी अशा शेकडो ड्रायव्हरांवर येऊन पडली, ज्यांना तोवर झोप हा विषयच माहीत नव्हता.

लिनक्समध्ये या जबाबदारीची पहिली गंभीर मांडणी २.५ या विकासमालिकेत, २००१ ते २००३ या काळात, पॅट्रिक मोशेल यांनी केली. अडचण क्रमाची होती. यूएसबी पेनड्राइव्ह यूएसबी कंट्रोलरवर अवलंबून असतो आणि तो कंट्रोलर पीसीआय बसवर. कंट्रोलर आधी बंद केला तर पेनड्राइव्हला ‘थांब’ असा निरोप पोहोचवणार कसा? परगावी जाताना मीटरचे मुख्य बटण आधी पाडले तर पाण्याची मोटर बंद करायला अंधारात चाचपडावे लागते, तसाच हा प्रकार. मोशेल यांनी कर्नलमधली सगळी उपकरणे एका वृक्षात बसवली. मूल आधी झोपेल, पालक नंतर. जागे होताना नेमके उलट. आजच्या प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आणि लिनक्स सर्व्हरमध्ये जो उपकरणांचा वृक्ष दिसतो, तो मुळात झोपेचा क्रम लावण्यासाठी जन्माला आला, हे फारसे कोणी सांगत नाही. ड्रायव्हरकडून काढून मध्यवर्ती यंत्रणेकडे गेलेली ही पहिली गोष्ट, आणि ती आजवर टिकली आहे.

मात्र क्रम ठरला तरी झोपताना ड्रायव्हरने नेमके काय करायचे, हे धूसरच राहिले. त्या काळच्या आराखड्यात झोपेचे टप्पे होते. आधी सूचना मिळणार, मग काम थांबवायचे, मग अवस्था जतन करायची आणि शेवटी वीज कमी करायची. एकाच फंक्शनला टप्प्याचा क्रमांक देऊन ते पुन्हा पुन्हा बोलावले जाई. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी बहुतेक वेळा एकच टप्पा निवडून सगळे काम त्यात उरकले आणि बाकीच्या टप्प्यांना नुसता होकार दिला. टप्पे नावापुरते उरले आणि काही वर्षांत काढून टाकले गेले. त्याहून वाईट म्हणजे ‘कोणत्या अवस्थेत जायचे’ हे सांगणारा एक साधा आकडा ड्रायव्हरला दिला जाई आणि त्याचा अर्थ कुठेच पक्का बांधलेला नव्हता. कोणी तो संपूर्ण यंत्राची एस अवस्था मानत होता, कोणी उपकरणाची डी अवस्था. तीन हा आकडा दोन्ही मापांत बसत असल्याने चूक झाकली जाई. दुसरा कुठला आकडा आला की ती उघडी पडे. पावेल माखेक यांनी २००५ च्या सुमारास हा नुसता आकडा काढून त्या जागी वेगळा प्रकार आणला आणि ड्रायव्हरमागून ड्रायव्हर बदलत नेला. हे काम किती कष्टाचे आणि किती थोड्या कौतुकाचे असेल, याची कल्पना शेकडो फाइलींत हाच एक बदल करून पाहिलेल्या माणसालाच येईल.

माखेक यांचे मुख्य काम मात्र हायबरनेशनचे, म्हणजे एस-४ प्रकारच्या झोपेचे होते, आणि याच कामातून या इतिहासातला सर्वांत मोठा वाद उभा राहिला. मेमरीची प्रत डिस्कवर उतरवायची तर सगळी उपकरणे आधी निश्चल करावी लागतात, नाहीतर प्रत घेता घेता मेमरी बदलत राहील. प्रत हाती आली की ती लिहिण्यासाठी डिस्क पुन्हा चालू करावी लागते आणि मग वीज तोडायची असते. म्हणजे डिस्कच्या ड्रायव्हरला दोन वेळा ‘थांब’ असा आदेश येतो. पहिल्या वेळी त्याने फक्त नवे काम घेणे थांबवायचे असते, दुसऱ्या वेळी खरोखर झोपायचे असते. दोन्ही आदेश एकाच फंक्शनमधून येत असल्याने ड्रायव्हर दोन्ही वेळा तेच करी. डिस्कची तबकडी थांबे, फिरू लागे आणि पुन्हा थांबे. यात वेळ जाई, डिस्कची झीज होई आणि बिघाडाला नवी जागा मिळे. २००७ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी ठाम भूमिका घेतली की मेमरीत झोपणे आणि प्रत काढून बंद होणे ही पूर्णपणे वेगळी कामे आहेत आणि ती एकाच वाटेने नेणे ही मुळातली चूक आहे. त्यांचा सूर कडक होता, आणि हायबरनेशनवर वर्षानुवर्षे राबलेल्यांना तो बोचलाही असेल. पण मुद्दा खरा होता. समोरचा आदेश कोणत्या हेतूने आला आहे याचा अंदाज बांधायची वेळ ड्रायव्हरवर आणली, की तो अंदाज कधी ना कधी चुकणारच.

त्याच सुमाराचा एक तुकडा जवळून पाहण्यासारखा आहे, कारण तेव्हाची अवस्था किती बिकट होती हे त्यातून दिसते. जागे होताना यंत्र अडकले तर कारण शोधायचे कसे? पडदा बंद, डिस्क बंद, नेटवर्क बंद. संदेश उमटवायला जागाच नाही. बटण दाबून यंत्र पुन्हा सुरू केले की मेमरी कोरी होते. टॉरवाल्ड्स यांनी २००६ मध्ये यावर जो तोडगा काढला तो बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळाच्या चिपवर बेतलेला होता, कारण पुन्हा सुरू होताना बायॉसच्या तपासणीतून सुटून टिकणारी एवढी एकच गोष्ट त्यांना सापडली. त्या चिपमध्ये जादा मेमरीही असते, पण बायॉस ती पुसून टाकतो. उरते ती फक्त तारीख आणि वेळ. सेकंद वापरता येत नाहीत, कारण यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत ते पुढे सरकतात. तारीख कोणत्याही महिन्यात वैध ठरावी म्हणून दिवस २८ पर्यंतच घ्यायचे, आणि मिनिटे तीन-तीनच्या टप्प्याने. १०० वर्षे, १२ महिने, २८ दिवस, २४ तास आणि २० टप्पे यांचा गुणाकार १ कोटी ६१ लाख २८ हजार होतो. एवढ्याच जागेत कोणत्या फाइलीतल्या कोणत्या ओळीवर, कोणत्या उपकरणाशी काम चालू होते हे कोंबायचे. म्हणून फाइल आणि ओळ यांचे सार ९९७ खणांपैकी एकात आणि उपकरणाच्या नावाचे सार १००९ खणांपैकी एकात टाकून ते घड्याळात तारीख म्हणून लिहायचे. यंत्र अडकले की तीन मिनिटांच्या आत पुन्हा सुरू करायचे. कर्नल घड्याळातला आकडा वाचून जुळणाऱ्या उपकरणाचे नाव सांगतो. घड्याळात मात्र भलतीच तारीख उरते, ती नंतर हाताने दुरुस्त करावी लागते. या सोयीच्या माहितीपत्रकात उदाहरण म्हणून दिलेला गुन्हेगार रेडिऑन ग्राफिक्स कार्डाचा एक ड्रायव्हर होता, जो जागे होताना कार्डाचे अंतर्गत घड्याळ लावायला जाई आणि तिथेच लटके.

ही युक्ती अचाट आहे, पण ती उपयोगी पडली त्याचे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ड्रायव्हरांना एकेक करून बोलावणारे एक मध्यवर्ती चक्र तोवर तयार झाले होते. घड्याळात कोणाचे नाव लिहायचे हे त्या चक्राला ठाऊक होते. प्रत्येक ड्रायव्हर आपल्या मनाने आणि आपल्या वेळी जागा होत राहिला असता तर कोणाचे नाव लिहिणार?

खरी पुनर्बांधणी २००८ आणि २००९ मध्ये झाली आणि तिचे श्रेय मुख्यतः पोलंडच्या राफाएल विसॉत्स्की यांना जाते. त्यांनी झोपेसाठी एक आणि हायबरनेशनच्या प्रत्येक पायरीसाठी एक अशी वेगवेगळी फंक्शने आणली. हेतूचा अंदाज बांधण्याची गरज संपली. पूर्वी नावापुरते उरून गेलेले टप्पेही परत आले, पण या वेळी प्रत्येक टप्प्यामागे मध्यवर्ती यंत्रणेची हमी होती. तयारीच्या टप्प्यानंतर त्या उपकरणाखाली नवे मूल-उपकरण नोंदवले जाणार नाही. मुख्य टप्प्यात काम थांबवायचे. शेवटच्या टप्प्यात ड्रायव्हरचा इंटरप्ट हँडलर बोलावला जाणार नाही, याची खात्री. या शेवटच्या हमीमागे एक जुनी, त्रासदायक व्याधी होती. पीसीआयवर अनेक उपकरणे एकच इंटरप्ट रेषा वाटून घेतात. समजा, ध्वनीची चिप झोपली आहे आणि त्याच रेषेवरचे नेटवर्क कार्ड अजून जागे आहे. कार्डाने हाक दिली की कर्नल रेषेवरच्या सगळ्या हँडलरांना विचारतो, म्हणजे ध्वनीच्या हँडलरलाही. तो आपल्या चिपचे रजिस्टर वाचायला जातो. चिप बंद असल्याने उत्तरात सगळे बिट एक येतात, आणि हँडलरला वाटते की एकाच वेळी सगळ्या घटना घडल्या आहेत. पुढे कधी तो अनंत चक्रात सापडतो, कधी नसलेली चूक दुरुस्त करू लागतो. तोवर यावर एकच उपाय होता, तो म्हणजे प्रत्येक ड्रायव्हरने स्वतः सावध राहणे. काहींनी आपली रेषा झोपताना सोडून दिली, काहींनी हँडलरमध्ये एक खूण तपासली, बहुतेकांनी काहीच केले नाही. जून २००९ मध्ये आलेल्या २.६.३० या आवृत्तीने हे काम मध्यवर्ती केले. शेवटच्या टप्प्याआधी कर्नलच सगळ्या उपकरणांचे इंटरप्ट अडवतो, मात्र स्वतःचे कालमापन चालू ठेवतो. त्याच काळात पीसीआय उपकरणांची मूलभूत रजिस्टरे जतन करणे, परत भरणे आणि वीज-अवस्था बदलणे हेही ड्रायव्हरांकडून काढून पीसीआयच्या सामाईक भागाकडे देण्यात आले. शेकडो ठिकाणी थोडी थोडी चुकत असलेली गोष्ट आता एकाच ठिकाणी होऊ लागली. तिथली चूक दुरुस्त केली की सगळ्यांची दुरुस्त होते.

यावर पहिला आक्षेप ग्राफिक्सवाल्यांकडून येईल आणि तो वजनदार आहे. त्यांचा अनुभव उलटा होता. झोपेतून उठल्यावर पडदा काळा राही, कारण ड्रायव्हर फार कमी करत होता. एस-३ मधून जागे होताना ग्राफिक्स कार्ड नीट सुरू करण्याची हमी बायॉस देत नाही. कर्नलला कार्डाची पुरेशी माहिती नसे, कारण कार्ड चालवणारा खरा ड्रायव्हर कर्नलबाहेर, पडद्यावरचे चित्र सांभाळणाऱ्या एक्स सर्व्हर या प्रोग्राममध्ये बसलेला असे. म्हणून झोपण्याआधी कर्नल मजकुराच्या कन्सोलवर जाई, म्हणजे एक्सने कार्ड सोडावे. उठल्यावर बाहेरचा एखादा प्रोग्राम कार्डाच्या रॉममधला सुरुवातीचा कोड पुन्हा चालवून पाही. कोणत्या मॉडेलला कोणती युक्ती लागू पडते याच्या याद्या ठेवाव्या लागत. मार्च २००९ च्या २.६.२९ आवृत्तीत इंटेलच्या कार्डांसाठी पडद्याची मांडणी कर्नलमधल्या ड्रायव्हरकडे आली, इतर कार्डे पाठोपाठ आली, आणि त्या याद्यांची गरज हळूहळू ओसरली. म्हणजे इथे ड्रायव्हरने अधिक केले तेव्हाच काम झाले. आक्षेप खरा आहे, पण तो माझ्या म्हणण्याची नेमकी कड दाखवतो. ग्राफिक्सचा रोग एकाच उपकरणाला तीन मालक असण्याचा होता: बायॉस, एक्स आणि कर्नल. झोपताना कोणाकडे कोणती अवस्था आहे हे कोणालाच धड ठाऊक नव्हते. एक मालक ठरला आणि रोग गेला. आपल्या उपकरणाची अवस्था पूर्णपणे माहीत असणे आणि ती पुन्हा उभी करता येणे, हे ड्रायव्हरचेच काम आहे. दुसरे कोणी ते करू शकत नाही. ‘कमी करावे’ हे बोलणे उपकरणाच्या कुंपणाबाहेरच्या गोष्टींबद्दल आहे.

कुंपणाबाहेर पाऊल टाकले की काय होते याचा नमुना म्हणजे फर्मवेअर. अनेक वायफाय कार्डांना सुरू होताना एक फाइल भरवावी लागते. झोपेत कार्डाची वीज गेली की ती फाइल जाते, म्हणून ड्रायव्हर जागे होताना ती पुन्हा मागत. पण त्या क्षणी बाहेरचे सगळे प्रोग्राम गोठवलेले असतात. फाइल आणून देणारा प्रोग्रामही गोठलेला, आणि ज्या डिस्कवर फाइल आहे ती कदाचित अजून झोपेतच. ड्रायव्हर ज्याची वाट पाहत आहे तो स्वतः ड्रायव्हरची वाट पाहतो, आणि वेळ संपेपर्यंत सगळेच ताटकळतात. ड्रायव्हरच्या लेखकाने एक साधे गृहीत धरले होते की आपण जागे आहोत म्हणजे जगही जागे आहे. २०१२ मध्ये मिंग लेई यांनी फर्मवेअर झोपण्याआधीच मेमरीत भरून ठेवण्याची सोय सामाईक भागात आणली. ड्रायव्हर पूर्वीसारखीच मागणी करतो; पूर्ततेची वेळ मात्र आता दुसरे कोणी सांभाळते.

झोपायचे की नाही हे कोणी ठरवावे, हा प्रश्न २००९-१० मध्ये अँड्रॉइडने ऐरणीवर आणला. फोनला बॅटरी वाचवायची असते, म्हणून गूगलच्या अभियंत्यांनी उलटी रीत धरली होती. फोन कायम झोपायलाच टपलेला, आणि ज्याला तो जागा हवा त्याने कुलूप धरायचे. हे कुलूप प्रोग्रामांइतकेच ड्रायव्हरही धरत. मुख्य कर्नलमध्ये ही योजना आणण्यावरून प्रदीर्घ वाद झाला आणि त्या रूपात ती आली नाही. गूगलच्या बाजूचा एक मुद्दा मात्र नाकारण्यासारखा नव्हता. फोनने झोपायचे ठरवले आणि नेमक्या त्याच क्षणी कॉल आला, तर तो इंटरप्ट हाताळला जाई, पण पुढचे काम करणारा प्रोग्राम गोठलेला असे. फोन कॉल पोटात घेऊन झोपी जाई. विसॉत्स्की यांनी २०१० मध्ये, २.६.३६ आवृत्तीत, यावर जो उपाय दिला तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत समंजस वाटतो. ड्रायव्हरने फक्त कळवायचे की जागे करणारी घटना घडली. कर्नल घटनांची मोजणी ठेवतो. झोपवू पाहणारा प्रोग्राम आधी ही संख्या वाचतो, हातातली कामे संपवतो आणि तीच संख्या परत लिहून झोपेची परवानगी मागतो. मधल्या काळात संख्या बदलली असेल तर परवानगी मिळत नाही. परवानगीनंतर नवी घटना आली तर कर्नल झोप अर्ध्यावर सोडतो. ड्रायव्हर साक्ष देतो, निकाल देत नाही. २०१२ च्या ३.५ आवृत्तीत अँड्रॉइडच्या कुलपांसारखी सोय मुख्य कर्नलमध्ये आली तीही याच मोजणीच्या पायावर.

दुसरा आक्षेप क्रमाबद्दल आहे. मध्यवर्ती यंत्रणेचा वृक्ष सगळी नाती सांगत नाही, मग ड्रायव्हरने स्वतः वाट पाहू नये तर काय करावे? हा प्रश्न मोबाइलच्या चिपांवर जास्त जाणवतो. तिथे एखादा कॅमेरा वृक्षात एका फांदीवर असतो, त्याची वीज सांभाळणारी चिप दुसऱ्या फांदीवर आणि घड्याळ तिसऱ्या फांदीवर. मूल-पालक नाते एकच, अवलंबन मात्र तिघांवर. बरीच वर्षे हे चालले ते नोंदणीच्या क्रमाच्या भरवशावर: जो उशिरा नोंदवला गेला तो आधी झोपतो. २०१० पासून उपकरणे समांतर झोपवण्याची सोय आल्यावर हा भरवसा आणखी डळमळला. मात्र २०१७ च्या ४.१० आवृत्तीत ड्रायव्हरला ‘मी अमुक उपकरणावर अवलंबून आहे’ असा दुवा नोंदवता येऊ लागला. दुवा नोंदवायचा तो ड्रायव्हरने, आणि त्यातून क्रम लावायचा तो मध्यवर्ती यंत्रणेने. ड्रायव्हरने आपल्याच फंक्शनमध्ये दुसऱ्याची वाट पाहत बसण्यापेक्षा हे कितीतरी निर्धोक आहे, कारण एकमेकांत अडकलेली वाट यंत्रणेला आधीच ओळखता येते.

लिनक्सपुरताच हा प्रश्न होता असेही म्हणता येत नाही. विंडोजमध्ये मूळ आराखड्याने वीज-अवस्थेचे सगळे निरोप ड्रायव्हरलाच योग्य क्रमाने पुढे पाठवायला लावले होते आणि ते बिनचूक लिहिणे तरबेज माणसालाही जड जाई. व्हिस्टाच्या काळात मायक्रोसॉफ्टने नवी चौकट आणली. तिच्यात हा सगळा खेळ चौकटच सांभाळते आणि ड्रायव्हर मुख्यतः दोन गोष्टी पुरवतो: उपकरण चालू होताना काय करायचे आणि बंद होताना काय करायचे. दोन वेगळ्या संस्कृती, एक बंद दाराआडची आणि एक चव्हाट्यावर भांडणारी, जवळपास एकाच काळात एकाच ठिकाणी पोहोचल्या.

तिसरा आक्षेप आजचा आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर फोनसारखी झोप आली आणि त्यानंतरच्या अनेक नव्या लॅपटॉपांत एस-३ उरलेलीच नाही. यंत्र तांत्रिकदृष्ट्या जागेच राहते. सगळी उपकरणे स्वस्थ झाली की प्रोसेसर आपोआप अत्यंत कमी विजेच्या अवस्थेत उतरतो. लिनक्समध्ये अशा झोपेची सोय एप्रिल २०१३ च्या ३.९ आवृत्तीत आली. मग टप्पे आणि हमी हा सगळा खटाटोप कालबाह्य झाला, असे कोणी म्हणेल. मला उलटे दिसते. एस-३ मध्ये शेवटी यंत्राचे फर्मवेअर, म्हणजे बायॉस, बहुतेक सगळ्याची वीज तोडत असे आणि एखाद्या ड्रायव्हरचा आळस त्यात लपून जाई. आता वीज तोडणारे कोणी नाही. एका उपकरणाने आपली अवस्था डी-३ पर्यंत नेली नाही तर प्रोसेसर खोल अवस्थेत उतरतच नाही आणि बॅगेतला लॅपटॉप गरम होऊन बॅटरी संपवतो. खोल अवस्थेत किती काळ गेला हे इंटेलच्या चिपा मोजून ठेवतात. तो आकडा शून्य दिसला की शोध सुरू होतो, आणि तो बऱ्याचदा एखाद्या एकाच उपकरणापाशी येऊन थांबतो. यात फर्मवेअरच्या चुकाही असतात आणि केवळ विंडोजवर तपासून बाजारात आलेल्या यंत्रांत त्या भरपूर असतात, हे मान्य. पण फर्मवेअर बिघडलेले असले तर सगळ्या ड्रायव्हरांना लागू पडेल अशी पळवाट एकाच जागी लिहिता येणे, हीच मध्यवर्ती यंत्रणेची सर्वांत मोठी सोय आहे.

जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर एका फटक्यात गेले नाहीत. २००८ च्या बदलानंतर बारा वर्षांनी, २०२० मध्ये, कर्नलच्या मार्गदर्शन कार्यक्रमातून जुने पीसीआय ड्रायव्हर नव्या पद्धतीवर आणण्याची मोहीम चालली होती. त्यातल्या बदलांचा साचा साधारण एकच. रजिस्टरे जतन करण्याची ओळ काढली, वीज-अवस्था बदलण्याची ओळ काढली, जागे करण्याची परवानगी देणारी ओळ काढली, कारण हे सगळे पीसीआयचा सामाईक भाग करतोच. उरल्या त्या फक्त आपल्या उपकरणाला थांबवण्याच्या आणि पुन्हा चालू करण्याच्या ओळी. आज कोणी नवा ड्रायव्हर लिहायला बसला असेल तर त्याने कुठल्याही जुन्या ड्रायव्हरची नक्कल करण्याआधी हे बदल वाचावेत. काय लिहायचे नाही, हे त्यांत कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा स्वच्छ दिसते.